देवळीची अंडी

नालवाडी, वर्धा
१८ नोव्हेंबर २०२४

सुमीत,

तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस म्हणून हे पत्र. दुसरं कारण नाही. तुझ्या पुण्याच्या कंपनीकडून अनुभवाचा दाखला इथल्या पत्त्यावर आला, तो सोबत ठेवला आहे. मिळाला की आईजवळ सांग, ती मला सांगेल.

एवढंच लिहायचं होतं. पण पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला अर्धा कागद कोरा सोडवत नाही.

तुझी आई काल देवळीहून आली ती पिशवीत बारा अंडी घेऊन. एकेक अंडं वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं. ओट्यावर मांडली आणि मला हाक मारली, "पाहा तरी, किती मोठाले हायेत." मी म्हटलं, बाजारात याहून मोठी मिळतात. "बाजारातले तुमच्या पोरानं नाई पाळले," म्हणाली आणि पातेलं गॅसवर ठेवलं. मग कांदा चिरता चिरता सगळं सांगत बसली. मी विचारलं नव्हतं. देवळीची जुनी शाळा पाडली, तिथून तू आणि तुझ्या सासऱ्यांनी सागवानी खिडक्या आणल्या, घासून तेलपाणी केलं आणि त्यांच्या घरामागच्या पडक्या दोन खोल्यांना बसवल्या. कापसाच्या जिनिंगच्या मोडलेल्या शेडचे टिन आणून कोंबड्यांना घर केलं. फुटक्या फरशीचे तुकडे जुळवून सूनबाईला, इलाला, ओटा करून दिला. "सुमीतनं आपल्या हातानं जुळवला, रांगोळीवानी दिसते," हे तिनं तीनदा सांगितलं. आणि तुझे सासरे बंडूजी असे, आणि बंडूजी तसे.

ऐकून बरं वाटलं. फक्त एक कळत नाही. तुझे सासरे सायकलचं दुकान चालवतात. पंक्चर काढणाऱ्या माणसाला सागवानातलं इतकं कधीपासून कळायला लागलं?

जूनमध्ये जेवताना मी जे बोललो ते इलासमोर बोलायला नको होतं, हे मान्य. नोकरी जाऊन तीन महिने झाले होते, तू दिवसभर पंख्याखाली पडून राहायचास, आणि मी म्हणालो, "याच्या हातात काही कसब असतं तर कोणी ठेवलं नसतं का? जा सासऱ्याकडे, ते पोसतील." माणूस रागात बोलतो. तू दुसऱ्या दिवशी खरोखर बॅग भरशील असं मला वाटलं नव्हतं.

अंडी मी खाल्ली नाहीत. पोट ठीक नव्हतं.

मधुकर वामन झाडे

(सवयीनं पूर्ण सही झाली. बाबा.)


२४ डिसेंबर २०२४

सुमीत,

दाखला मिळाल्याचं आईकडून कळलं. आता हे पत्र कशासाठी, असं तुला वाटेल. कळवायचं एवढंच की मीही कोंबड्या घेतल्या आहेत. चार. तीन तांबड्या, एक काळी.

चतुर्थीला केळझरला गेलो होतो. दर्शन झालं, परत येताना रस्त्याला एक बाई कोंबड्या घेऊन बसलेली दिसली. मी बस सोडली आणि घेतल्या. आई दारातच थांबली. "गणपतीले जाऊन कोंबड्या आणल्या? लोकं पेढे आणते!" पुढे तिनं कपाळाला हात लावला, पण काळीला पाणी तिनंच पाजलं.

खुराडं मी स्वतः केलं. कोणाची मदत घेतली नाही. सामान घरातलंच वापरलं, विकत एक खिळाही आणला नाही. जुन्यातून नवं करणं हे काही फक्त देवळीलाच जमतं असं नाही.

आणखी एक. गेल्या आठवड्यात माझं देवळीला काम होतं. एका जुन्या स्नेह्याला भेटायचं होतं. बसस्टँडहून जाताना वाटेत तुमचं घर लागलंच. तू छपरावर होतास, बंडूजी खाली शिडी धरून. तू कुठल्याशा गोष्टीवर हसत होतास. इतका मोठ्यानं, की पलीकडच्या पानठेल्यावर मला ऐकू आलं. मी तुला असा हसताना कधी पाहिलं, ते आठवत उभा राहिलो. आठवलं नाही. मग तू वरून ओरडलास, "बाबा, हातोडा द्या!"

माझा हात पुढे झाला. खोटं लिहीत नाही. पानठेल्यावर उभा असलेल्या माणसाचा हात पुढे झाला आणि हातोडा बंडूजींनी दिला.

आपल्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मी माझ्या सासऱ्यांना ते जाईपर्यंत मामाजीच म्हणालो. बाकी तुझी मर्जी.

बाबा


२० जानेवारी २०२५

सुमीत,

कोंबड्या उत्तम आहेत. चारही अंडी देतात, रोज. गिऱ्हाइकं घरी येऊन मागतात. मी त्यांना तांदळाची कनकी आणि मक्याचा भरडा घालतो. तुम्ही काय घालता? आई म्हणाली, इला लहान पिल्लांच्या डोळ्यात लसीचा थेंब स्वतः टाकते. तिला सांग, काळजी घे, ती पोर धीट आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात कधी काही नव्हतं.

परवा भाजीबाजारात विमलाबाई भेटल्या. त्या मेस चालवतात, पूर्वी आमच्या ऑफिसात त्यांच्याकडून डबे यायचे. देवळीहून अंडी येतात म्हणाल्या, चांगली असतात. मी म्हटलं, असं का. बाकी काही बोलणं झालं नाही.

आईला तुझ्याकडे राहायचं असेल तर तिनं राहावं. मी अडवत नाही. दर रविवारी ती जाते तेव्हा मी आपला बाहेर पेपर वाचत बसतो. संध्याकाळी आली की तिच्या साडीला तुमच्या घराचा वास असतो, ओल्या सिमेंटचा आणि कोंड्याचा. ती झोपाळ्यावर बसून पायाला तेल लावते आणि स्वतःशीच हसते. मी कशाला विचारू?

बाबा


११ फेब्रुवारी २०२५

सुमीत,

परवा आई आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी दोनदा विचारलं तेव्हा कळलं की विमलाबाईंनी अंडी बंद केली, आणि त्यांचं ऐकून आणखी दोन मेसवाल्यांनीही. टोपल्या भरून अंडी पडली म्हणे. तुम्ही अंगणवाडीत वाटली, शेजारी दिली, तरी उरली. इला न्हाणीघरात जाऊन रडली. आणि तू कोंबड्यांच्या घराला दुसरी खोली जोडायला घेतली होतीस, ते काम थांबवलं.

"कोणीतरी सांगतलं म्हणते, रोग हाय म्हणून," आई म्हणाली. "कोणाच्या पोटात दुखलं असन?"

लोकांचं असं असतं. धंद्यात चढउतार होतात. बंडूजी इतक्या वर्षांचे दुकानदार आहेत, ते सांगतीलच तुला.

माझ्या कोंबड्यांबद्दल मागच्या पत्रात लिहिलं ते पूर्ण बरोबर नव्हतं. चार नाहीत, दोन आहेत. दोन मुंगसानं नेल्या. राहिलेल्यांपैकी एक अंडी देते, तेही तिच्या मनात असेल तेव्हा. गिऱ्हाईक कोणी येत नाही.

आणि खुराडं कशाचं केलं, तेही सांगून टाकतो. तुझं अभ्यासाचं टेबल होतं ना, मधल्या खोलीतलं? ते. कुलूप लावून ठेवलेल्या खोलीत उगाच जागा अडवून होतं. मी पाय कापले, कप्पे काढले, वरच्या फळीचं छप्पर केलं. आईनं पाहिलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला म्हटलं, तो तिथं जुन्या शाळेच्या खिडक्या लावतो, मी इथं जुन्या टेबलाचं खुराडं करतो, फरक काय? ती म्हणाली, "त्यानं पडलेलं उभं केलं. तुमी उभं होतं ते पाडलं."

देवळीत माझा कोणी स्नेही नाही.

बाबा


२५ फेब्रुवारी २०२५

सुमीत,

हे पत्र तू उभ्यानं वाचू नकोस. बस कुठेतरी.

काल दुपारी बंडूजी आले होते. तुला त्यांनी सांगितलं नसेल. आई बाजारात गेली होती, मी एकटाच होतो. फाटकाशी आवाज आला, "इवाईबुवा, पाणी पाजा थोडं." व्याही पहिल्यांदा एकटे दारात, मी गडबडलो. पाणी दिलं. ते प्यायले, आणि खुर्चीवर न बसता सरळ मागे खुराड्याशी गेले. उकिडवे बसून पाहत राहिले.

"याचं दार तुमी उलटं लावलं," म्हणाले. "खालून फट राह्यली. मुंगूस तिथूनच आलं असन."

पिशवीतून पाना, पक्कड आणि जाळीचा तुकडा काढला. मी नको नको म्हणत होतो. त्यांनी दार काढलं, फिरवून बसवलं, खालून जाळी मारली. माझ्या दोन कोंबड्या त्यांच्या पायाशी येऊन उभ्या राहिल्या. मी सकाळ-संध्याकाळ दाणे टाकतो तर त्या माझ्यापासून हातभर लांब राहतात. त्या माणसाच्या चपलेवर चोच मारत होत्या.

काम करता करताच, मान वर न करता, ते म्हणाले, "मी विमलाबाईकडे गेलतो. कोणं सांगतलं ते इचारलं. तिनं नाव घेतलं."

मी कोंबड्यांचं पाण्याचं भांडं उगाच सरकवलं.

"तिले माहीत नाई सुमीत तुमचा हाय म्हणून. ती म्हणे, नालवाडीचे झाडेसाहेब खोटं कशाले बोलतीन."

पक्कड खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बसमधी बसल्या बसल्या तुमच्यासाठी दोन-चार शिव्या जमवल्या होत्या मी. चांगल्या ठेवणीतल्या. हे खुराडं पाहून इसरलो. इतकं वाईट खुराडं मी जलमात नाई पाह्यलं."

मग ते हसले. मला हसता आलं नाही.

"सुमीतला सांगितलं?" मी विचारलं.

"नाई."

"का?"

"त्याची नोकरी गेली, घर सुटलं, आता बापबी जाऊ देऊ का? सांगाचं असन तर तुमी सांगा. तुमी नाई सांगतलं तरी मी नाई सांगणार."

चहा घेऊन ते गेले. कप स्वतः नळाखाली धुऊन ठेवला.

तर आता मी सांगतो. विमलाबाई भेटल्या तेव्हा बोलणं झालं नाही असं मी लिहिलं. झालं. त्या अंड्यांचं कौतुक करत होत्या, ते मी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरगा मोठा गुणी हाय. आणि त्याचा बाप! दोघं मिळून अंडे घेऊन येते, बाप पोराच्या डोक्यावरची टोपली उतरवते. असा बाप असावा."

मी त्यांना म्हणू शकलो असतो की बाई, त्याचा बाप मी. दोनच शब्द होते. पण मग त्यांनी विचारलं असतं, मग तुम्ही कुठं होता? मी पालकाच्या जुडीकडे पाहिलं आणि म्हणालो, "जरा जपून. तिकडे मानमोडीची साथ आली आहे म्हणतात कोंबड्यांवर. पत्ता लागू देत नाहीत." घरी आलो. जेवलो. दुपारी झोपही लागली, सुमीत. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

तुझं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. त्या माणसाचं व्हावं असं होतं. पण टोपली दोघांच्या हातातली एकच होती, हे मला इला रडली हे ऐकेपर्यंत कळलं नाही. की कळलं होतं? मला नक्की सांगता येत नाही.

आणि खरं सांगायचं तर काल मला त्यांच्या चांगुलपणाचाही राग आला. शिव्या दिल्या असत्या तर आम्ही बरोबरीत आलो असतो. तेवढंही त्यांनी होऊ दिलं नाही.

बाबा


१७ मार्च २०२५

सुमीत,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं. आई रविवारी गेली, आली, आणि म्हणाली, "पोरानं पत्र वाचलं. त्याच्यानंतर काय झालं ते मले इचारू नका." तिला आता सगळं माहीत आहे. ती माझं ताट वाढते, आणि आपलं घेऊन ओसरीत बसते.

मी विमलाबाईंकडे गेलो होतो. भर दुपारी, पंगत बसलेली असताना. वीसेक मुलं जेवत होती. मी उभ्यानंच सांगितलं की देवळीच्या कोंबड्यांना कुठलाही रोग नव्हता, मी खोटं बोललो, आणि तो मुलगा माझा आहे. त्यांच्या हातात वरणाचं भांडं होतं. ते खाली ठेवून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"तुमचा? सख्खा?"

"हो."

"आणि सख्ख्या पोराबद्दल तुमी असं बोलले? काऊन?"

मुलं घास थांबवून ऐकत होती. मी म्हटलं, मला तुमच्या तोंडून दुसऱ्या माणसाचं कौतुक सहन झालं नाही. त्या म्हणाल्या, आता त्यांनी दुसरीकडून अंडी बांधून घेतली, त्या माणसाला मधेच तोडता येणार नाही. बरोबर आहे. बाकी दोघींकडेही जाऊन आलो. एक म्हणाली बघू. दुसरीनं दार लोटून घेतलं.

त्यानंतर मी नालवाडीत घरोघर फिरलो. आपल्या गल्लीत, मग मागच्या दोन. चौतीस वर्षांत मी कुणाच्या दारात काही मागायला गेलो नव्हतो. आता बेल वाजवायची आणि म्हणायचं, माझ्या मुलाकडची गावरान अंडी आहेत, हवीत का? पहिल्या घरी "माझ्या मुलाकडची" हे शब्द गाळूनच बोललो. पाचव्या घरापासून नीट जमलं. सतरा घरांनी नावं दिली आहेत. यादी सोबत आहे, कोणाला आठवड्याला किती ते समोर लिहिलं आहे.

अंडी आईसोबत पाठव. मी पोचवीन, सायकलवर. तुला यायची गरज नाही, माझ्याशी बोलायचीही नाही. द्यायची नसतील तर तसं आईला सांग. मी त्या सतरा घरी जाऊन नाही म्हणून येईन. तेही माझंच काम आहे.

बाबा


१४ एप्रिल २०२५

सुमीत,

तीन रविवार आई ट्रे घेऊन आली, सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी पोचवत राहिलो. सतराची बावीस घरं झाली. काल चौथ्या रविवारी आईला ताप होता, ती गेली नाही, आणि मी मनात ठरवून टाकलं की आज अंडी येत नाहीत. अकराच्या सुमारास फाटकाशी मोटारसायकल थांबली.

तू आत आलास ते सगळं तुला माहीत आहे. तरी मी लिहितो. तुझ्यासमोर मला ते बोलता आलं नाही.

तू आईच्या कपाळाला हात लावून पाहिलास. मग मागे गेलास आणि खुराड्यासमोर उभा राहिलास. छपराच्या फळीवर कंपासनं कोरलेलं तुझं नाव अजून आहे. मी ते घासून काढायचा प्रयत्न केला होता, निघालं नाही. तू त्यावरून बोट फिरवलंस आणि विचारलंस, "बाबा, तुम्ही असं काऊन केलं?" टेबलाचं विचारतोस की विमलाबाईंचं, ते मला कळलं नाही. मी दोन्हीचं उत्तर एकच दिलं.

"तू तिथे खूश होतास."

"मग?"

"मग काय? इथे कधी नव्हतास."

काळी कोंबडी तुझ्या पायाशी घोटाळत होती, तिला उचललंस, पंखाखाली बोटं घालून पाहिलंस, म्हणालास, "हिले चुना कमी पडून राह्यला. शिंपल्याची भुकटी देजा." आणि मग, तिला खाली ठेवताना, "माझा राग गेला नाई, बाबा. जाईन का ते माहीत नाई." मी म्हटलं, राहू दे. खरंच म्हटलं. तुला राग आहे तोवर तू मला काहीतरी समजतोस, असं मी स्वतःला सांगतो.

गाडीला किक मारून तू म्हणालास, "रविवारी दुसऱ्या खोलीचे टिन चढवायचे हायेत. माणूस कमी पडून राह्यला." एवढंच. ये म्हणाला नाहीस, येऊ नको म्हणाला नाहीस.

मी येतो. सकाळच्या पहिल्या बसनं येतो. आई बरी असली तर ती सोबत असेल.

पण आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तिथं तुला नवल वाटायला नको. मी सुधारून येत नाही. तुम्ही दोघं एका शब्दात एकमेकांचं समजून काम करताना दिसलात की माझ्या पोटात जळणार आहे. तुम्ही जुनी एखादी गंमत काढून हसलात तर जास्त जळेल, कारण ती गंमत मला माहीत नसेल. माझं तोंड मला आवरत नाही हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. तेव्हा माझ्याकडे बघत बसू नकोस. मला काहीतरी उचलायला सांग.

बाबा